तिरप्या बाईंची डबी

तिरप्या बाई बोलता बोलता ऐकायच्या. आपण एक तर बोलतो, नाहीतर ऐकतो. बाईंचं दोन्ही एकदम चालायचं. कारखान्याच्या शेठजींशी तावातावाने वाद चाललेला असायचा आणि त्याच वेळी मागच्या टेबलावर कोण काय कुजबुजलं ते त्यांच्या कानात बरोबर जायचं. शेठजींना उत्तर देऊन झालं की मान न वळवता त्या म्हणायच्या, "आणि शांताबाई, पंजाबी ड्रेसात मी बुजगावण्यासारखी दिसते, हे बी ऐकलं मी." शांताबाई पदराचा बोळा तोंडात कोंबायची.

आम्हा कामावरच्या बायकांना आधी वाटलं, ही त्यांची खोड आहे. नंतर कळलं की ज्या डबीसाठी त्या जालन्यात येऊन बसल्या होत्या, त्या डबीचं कामही हेच होतं. मोबाईल नुकते आले होते तेव्हाची ही गोष्ट. हमरस्त्याच्या कडेने चर खणून नारिंगी नळ्या पुरत होते. या नळ्यांतून काचेची तार जाणार, आणि फोन, कॉम्प्युटर, टीव्ही सगळं उजेडावर बसून घरापर्यंत येणार, असं लोक बोलायचे. तार घरी आली की तिच्या टोकाला एक डबी लागते. आलेल्या उजेडाची तिने वीज करायची आणि घरातून निघालेल्या विजेचा उजेड करून परत त्याच तारेत सोडायचा. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला तार एकच. म्हणजे डबीने बोलायचं आणि त्याच वेळी ऐकायचं.

जालन्यात सळई बनते आणि बियाणं बनतं. उजेडाची डबी बनेल असं कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. आमचे शेठजी सळईवालेच. एमआयडीसीत त्यांची एक शेड रिकामी पडली होती. दिल्लीच्या एका कंपनीला अशा डब्या पाहिजे होत्या, आणि बाई पुण्यातली अशाच कामाची नोकरी सोडून आल्या होत्या. का सोडली, असं शांताबाईने एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "तिथं बाहेरच्या देशाचं चित्र पाहून डबी जोडायची, एवढंच काम. चित्र काढू देत नव्हते." बाईंना चित्र काढायचं होतं.

बाई जाफराबादकडच्या. बापाची मेंढरं होती. लहानपणी मेंढरांमागे हिंडून, मग मामाकडे राहून, मग औरंगाबादला शिकून त्या इंजिनियर झाल्या. पण बोलणं तसंच ठेवलं. दिल्लीचा फोन आला तरी हिंदीच्या मध्ये "न्हाई" आणि "मंग" यायचं. शेठजी एकदा हळूच म्हणाले, बाई, मोठ्या लोकांशी जरा शुद्ध बोलत जा. बाईंनी सांगितलं की उजेडाला शुद्ध-अशुद्ध कळत नाही, आणि डबी चालली तर मोठ्या लोकांनाही चालेल.

कामाला बायका त्यांनी कुठून आणल्या, तर कपाशीच्या प्लॉटवरून. आमच्या बदनापूरकडे बियाण्याच्या कपाशीवर क्रॉसिंगचं काम असतं. संध्याकाळी कळी नखाने सोलून तिचे केसर काढायचे, आतला नाजूक कोंब दुखवायचा नाही, आणि सकाळी दुसऱ्या जातीचं फूल त्यावर फिरवायचं. बाई प्लॉटच्या बांधावर आल्या आणि सरळ आमची बोटं बघायला लागल्या. नखं बघितली, हात पालथा करून बघितला, बोट थरथरतं का ते बघितलं. शांताबाई म्हणाली, "नाकडोळे नका बघू बाई, आमची लग्नं झाली." बाईंनी हसत तिलाच पहिली घेतली. दुसरी मला. मी तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. पगार किती हे सुद्धा शांताबाईने माझ्यासाठी विचारलं.

घरी समजावून सांगताना माझी फजिती झाली. डबीतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई असला उजेड? मंग बिल कशाचं येतं?" आमचे मालक कृषी केंद्रावर मजुरीला होते. ते तिथे सगळ्यांना सांगायचे की आमची बायको सध्या उजेड पकडून राह्यली, सापडला की घरी आणणार. मी रुसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बरोबर जालन्याला गेले. रोज गेले.

'तिरप्या बाई' हे नाव आम्हीच पाडलं. डबीच्या पोटात तिळाएवढी एक काच असते. ती तिरपी बसवायची. आपला जाणारा उजेड तिच्यातून आरपार जातो आणि बाहेरून येणारा उजेड तिच्यावर आपटून बाजूला वळतो, म्हणजे दोघांची गाठ पडत नाही. तारेचं टोकही सरळ कापायचं नाही, तिरपं घासायचं. सरळ असलं तर आपलाच उजेड टोकावर आपटून माघारी येतो. शिकवताना बाई दिवसभर एकच सांगायच्या, तिरपं ठेवा, तिरपं ठेवा. त्यात त्यांची मानही बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या दुर्बिणीवर वाकून वाकून एका बाजूला कललेली, आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची सवय नाही. नाव त्यांच्या कानावर गेलंच. त्या म्हणाल्या, बिलकुल बराबर ठेवलं, सरळ माणसाला ही डबी जमणारच नाही.

अडचण कुठे आहे ते त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. शिकलेल्यांना सांगतात तसंच सांगितलं, काही कमी केलं नाही. मला ते अजून पाठ आहे. "माझे वडील मेंढरांच्या मधी उभे राहायचे. चारी बाजूंनी ब्या ब्या. त्या गोंगाटात लांब ओढ्यात राह्यलेलं एक कोकरू ओरडलं तर त्यांना ऐकू यायचं. आपल्या डबीला हेच करायचंय. हिचं स्वतःचं बोलणं मोठं, कानाजवळ. येणारा आवाज लई लांबून आलेला, बारीक. मोठ्या डबीत तोंड एकीकडं, कान दुसरीकडं ठेवता येतो. लहान डबीत तोंडाला लागून कान."

मग मोठी का करत नाही, हा प्रश्न शेठजींनी विचारला. एकदा नाही, रोज विचारला. बाईंनी उत्तर देण्याऐवजी शेठजींना स्टेशन रोडवर नेलं, एका टेलिफोनच्या खांबाला शिडी लावली आणि स्वतः वर चढल्या. खाली गर्दी जमली. बाई माणूस खांबावर म्हटल्यावर रिक्षावाले थांबले. वरच्या पेटीत बोटं घालून बाई ओरडून सांगत होत्या की इथे किती जागा आहे बघा, आणि उद्या एका पेटीतून सगळ्या गल्लीला तारा द्यायच्या तर मोठ्या डब्या कुठे ठेवणार, तुमच्या बंगल्यात का. शेठजी खालून हात जोडून म्हणत होते, बाई, उतरा, लोक बघून राह्यले. बाई म्हणाल्या, बघू द्या, त्यांच्याच घराची तार आहे.

खरी गोष्ट अशी होती की शेठजींसमोर दुसरा रस्ता होता. परदेशातून तयार डब्या मिळत होत्या. त्या आणायच्या, वरचं नाव काढायचं, आपलं नाव चिकटवायचं आणि दिल्लीला पाठवायच्या. यात डोकेदुखी नाही. शेठजी वाईट माणूस नव्हते. आमच्या पोरांच्या आजारपणात त्यांची जीप यायची. पण सळईच्या धंद्यात वाढलेला माणूस, लोखंड आत गेलं की सळई बाहेर आली पाहिजे. त्यांनी बाईंना सांगितलं की दिवाळीपर्यंत तुमची डबी भट्टीतून पास झाली तर आपण आपली डबी बनवू. नाही झाली तर चिकटवू. आम्ही सगळ्या तिथेच होतो. त्या दिवसापासून शेडमध्ये 'चिकटवणं' हा शब्द शिवीसारखा झाला.

भट्टी म्हणजे एक लोखंडी कपाट, आत उकाडा. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली असतो त्याच्याहून जास्त. डबी त्यात चालू ठेवायची आणि बाहेर मीटरवर बघायचं की उजेड कमी होतो का. आमच्या डब्या बाहेर चांगल्या चालायच्या. आत गेल्या की थोड्या वेळाने मीटरचा काटा बसायला लागायचा. जणू डबीला झोप आली.

बाईंनी आधी आमच्या फुंकरीला पकडलं. प्लॉटवर कळीवरचा केसर आम्ही फुंकून उडवायचो. धान्य पाखडताना फुंकायचं, चुलीला फुंकायचं, पोराच्या डोळ्यात गेलं तर फुंकायचं. बायकांचा हात कामात असला की तोंड फुंकतं, हे आम्हाला कळतही नव्हतं. बाईंनी आरसा आणला आणि सगळ्यांना त्यावर फुंकायला लावलं. आरसा धुरकट झाला. त्या म्हणाल्या, हे तुम्ही तारेच्या टोकावर ठेवून राह्यल्या. मग सगळ्यांनी तोंडाला फडकं बांधायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी टेबलावरच्या काचेवर खुद्द बाईंनीच फुंकर मारली. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. बाईंनी खिशातला रुमाल काढला, तोंडाला बांधला, आणि तो दिवसभर सोडला नाही. शेठजींशी भांडल्या तेही रुमालातून. शेठजींना अर्धंच कळलं, त्यामुळे भांडण लवकर मिटलं.

फुंकर गेली तरी भट्टीतली झोप गेली नाही. दसरा झाला. शेठजी येऊन कपाटाकडे बघायचे आणि काही न बोलता जायचे, ते बोलण्यापेक्षा वाईट वाटायचं. परदेशी डब्यांचा नमुना त्यांच्या टेबलावर येऊन पडला होता. चकचकीत, हातात घेतला की गार लागणारा. शांताबाई म्हणाली, झालं, आता आपण लग्नपत्रिकेची पाकिटं चिकटवतात तशा बसणार. बाईंनी तो नमुना उचलला, उघडला, आतून नीट बघितला आणि म्हणाल्या, चांगली आहे डबी, पण आपली नाही. आणि परत बंद करून ठेवला. त्याला नावं ठेवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. दुसऱ्याचं वाईट म्हटलं की आपलं चांगलं होत नाही, असं त्यांचं मत होतं. फक्त माणसांच्या बाबतीत ते मत त्या विसरायच्या.

मग एक दिवस बाई सकाळपासून माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. काम करू नका म्हणाल्या नाहीत, घाबरू नका म्हणाल्या नाहीत. नुसत्या बघत होत्या. मी तार जुळवली. स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत जायचं, मीटर वर चढत जातो, सगळ्यात वर गेला की हात थांबवायचा. मग गोंद लावायचा आणि निळ्या दिव्याखाली धरायचं, की तो दगडासारखा होतो. मी गोंद लावला. बाईंनी माझा हात धरला.

"अक्का, हे काय लावलं?"

मी म्हटलं, टिकली. तुम्हीच सांगितली.

बाईंनी पहिल्या दिवशी खरंच तसं सांगितलं होतं. तारेभोवती जी बारीक कडी असते, तिथे गोंदाची टिकली लावा, असं. त्यांच्या मनात टिकली म्हणजे लहान थेंब. आमच्या मनात टिकली म्हणजे टिकली. आम्ही कडी समोर धरून, जिथे कपाळ असावं अगदी तिथे, मधोमध एक ठिपका द्यायचो. सगळ्या बायकांनी सगळ्या डब्यांना तेच केलेलं. हात जोडायचे तेवढे राहिले होते. बाईंनी उठून एकेकीच्या टेबलावर जाऊन बघितलं. प्रत्येक डबी सवाष्ण.

गोंद एकाच बाजूला. भट्टीत तो मऊ पडला की कडी त्या बाजूला ओढली जायची. केसापेक्षाही कमी, पण उजेडाला तेवढं पुष्कळ होतं. बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. आम्हाला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "चूक माझी. मराठी माझी कच्ची निघाली. आजपासून टिकली बंद. चूल मांडा." तीन बाजूंना सारखे अंतर ठेवून तीन थेंब, तीन दगडांच्या चुलीसारखे. भांडं कुठेच कलंडत नाही, आणि तापलं तरी तिघं तीन बाजूंनी ओढतात, म्हणून जागचं हलत नाही. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये गोंद लावण्याला चूल मांडणं म्हणू लागले. दिल्लीचा साहेब फोनवर म्हणायचा, "चूल प्रोसेस का क्या हुआ?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात डबी भट्टीत गेली. शेठजी खुर्ची टाकून बसले. मीटरचा काटा उभा राहिला. दुपार झाली, चहा झाला, शेठजींना दुकानावरून बोलावणं आलं, त्यांनी माणसाला परत पाठवलं. काटा उभा. शेवटी शेठजी उठले आणि म्हणाले, बरं बाई, बनवा. बाई बोलल्या नाहीत. मी त्यांना एकदाच न बोलता ऐकताना बघितलं, ते त्या वेळी.

ती आमची चांगली वर्षं. डब्या दिल्लीला जायच्या. काडेपेटीहून लहान डबी, आतलं सगळं तिरपं, वर छोट्या अक्षरात शेठजींच्या कारखान्याचं नाव आणि खाली जालना. बदनापूरच्या गाडीत आमच्या समोर कोणी म्हणालं की इथे काही होत नाही, सगळं पुण्यामुंबईला होतं, तर शांताबाई त्याला स्टेशन येईपर्यंत सोडायची नाही. मी बोलायची नाही, पण मनातल्या मनात शांताबाईला साथ द्यायची. बाईंनी पुढची डबी काढायला घेतली होती, आणखी लहान.

मग परदेशातल्या डब्या फार स्वस्त झाल्या. इतक्या की आम्ही फुकट काम केलं असतं तरी आमची डबी महागच पडली असती, असं शेठजी म्हणायचे. ते खरंही असेल. दिल्लीला डबी पाहिजे होती जालन्याची, कारण देशात बनलेली घ्यायची असं त्यांनी वर कुठे तरी सांगितलेलं होतं. शेठजींना दोन्ही साधायचं होतं. डब्या बाहेरून आणायच्या, नाव जालन्याचं लावायचं, आणि बाईंनी मुख्य इंजिनियर म्हणून तशाच बसून राहायचं. पगार वाढवून देतो म्हणाले. दिल्लीवाले विचारतील तेव्हा आपणच बनवतो एवढंच म्हणायचं.

"शेठजी," बाई म्हणाल्या, "चिकटवायचं असल तर इंजिनेर कशाला? तुम्हाला गोंद लागतो, मी न्हाई."

शेठजींनी समजावलं. वादही झाला नाही फारसा. ज्या माणसाशी रोज भांडायच्या, त्याच्याशी बाई त्या दिवशी अगदी सभ्यपणे बोलल्या, आणि म्हणूनच आम्हाला कळलं की आता त्या राहत नाहीत. आम्ही तीनचार जणी म्हणालो, आम्हीही येतो. बाई चिडल्या. म्हणाल्या, माझ्यामागे कोणी यायचं नाही. मला एकटीचं पोट आहे, तुम्हाला घरं आहेत, नोकरी कोणी सोडली तर मी तिच्या घरी येऊन भांडेन.

जायच्या दिवशी शांताबाईने पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. शांताबाई म्हणाली, लेक गावाला निघाली तर भरतो तशी ओटी भरू, त्यात काय. बाई म्हणाल्या, "आत नको. तांदळाचा कोंडा टेबलावर पडल." त्या टेबलांवर आता डबी बनणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. तरी आम्ही सगळ्या गेटबाहेर गेलो, आणि रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या धुळीत बाईंची ओटी भरली. त्यांनी ओढणी पुढे धरली. डोळ्याला पाणी वगैरे काही नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा मात्र त्याला दोन शब्द सुनावले.

नंतर आम्ही चिकटवत बसलो. मोठ्या खोक्यातून डब्या यायच्या. वरचा कागद नखाने सोलायचा, राहिलेला डिंक स्पिरिटने पुसायचा, आपला कागद लावायचा. काम सोपं, पंखा डोक्यावर, सुटी वेळेवर. शांताबाई आधी रोज बडबडायची, मग कमी बोलायला लागली. मला वाटायचं, मी काय बोलणार, मी आधीच कमी बोलते.

एक दिवस कळलं की दिल्लीची माणसं कारखाना बघायला येणार. शेठजींच्या मुलाने दुर्बिणींवरची धूळ पुसून घेतली. निळे दिवे लावले. आम्हाला सांगितलं, डब्या उघडून समोर ठेवा, चिमटा हातात धरा, काम करताय असं दाखवा, कोणी विचारलं तर हो म्हणा. मी माझ्या जुन्या जागेवर बसले. दुर्बिणीत डोळा घातला, तर खाली दुसऱ्याने बसवलेली काच. तिरपी होती, चांगली बसवली होती. मला तिचा राग आला नाही. जिने कोणी बसवली असेल तिनेही श्वास धरून बसवली असेल. तिचं नाव पुसून मी बसले होते.

दिल्लीचे साहेब एकेका टेबलाशी थांबत आले. माझ्यापाशी वाकून विचारलं, "आप क्या करती हैं?"

शेठजींच्या मुलाने तोंड उघडलं होतं. माझा आवाज त्याच्या आधी निघाला, आणि मलाच तो ओळखू आला नाही.

"पहिले बनवत होतो," मी म्हणाले. "आता चिकटवतो."

शेठजींचा मुलगा हसला. चौथी शिकलेली बाई आहे साहेब, तिला मशीनचं कळत नाही, असं हिंदीत म्हणाला. साहेब हसले नाहीत. पहिले कोण बनवायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. मी उभी राहिले. तोंडाचं फडकं काढलं. बाईंचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना सांगितलं.

मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. घरी बोलणी बसली. सासूबाई म्हणाल्या, जन्मभर गप्प बसली आणि बोलली ती नोकरी जाईपर्यंत. आमचे मालक दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, काय म्हणाली तू त्याला, परत सांग. मी परत सांगितलं. त्यांनी ते कृषी केंद्रावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. कपाशीचा हंगाम लागला होता, मी प्लॉटवर गेले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर वाटलं असतं.

बाई पुढे एकदाच भेटल्या, जालन्याच्या बसस्टँडवर. जाफराबादच्या गाडीची वाट बघत होत्या. केस पांढरे झाले होते, मान जास्तच कलली होती. औरंगाबादला दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं होतं, पैशाची ओढाताण आहे म्हणाल्या, पण चित्र माझंच आहे. माझी हकिगत त्यांना शांताबाईकडून कळली होती. मला वाटलं, आता शाबासकी देतील. मी पदर नीट केला.

"साहेबानं विचारलं, कोण बनवायचं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही माझं नाव सांगितलं."

मी हो म्हटलं.

"माझं एकटीचं?"

मी मान डोलावली.

"अक्का, चित्र मी काढलं. तिरपी काच मी बसवत होते का? चूल मी मांडत होते का? तुमचं नाव का न्हाई सांगितलं?" त्या खरंच रागावल्या होत्या. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, माझ्या नावाने काय होणार बाई. तेवढ्यात जाफराबादची गाडी लागली आणि लोक दाराकडे धावले. बाईंनी पिशवी खिडकीतून आत सीटवर टाकून जागा धरली, आणि धक्काबुक्कीत चढता चढता मागे वळून म्हणाल्या, "काय होणार ते नंतर बघू. आधी सांगायचं."

बाई आता नाहीत. शेड पाडून तिथे गोडाऊन झालं. घरोघरी काचेची तार आली आहे, आमच्या नातवाला तिच्याशिवाय जेवण जात नाही, आणि तिच्या टोकाला कोणाची डबी आहे हे कोणी उघडून बघत नाही. न बघोत.

जालन्याला एक डबी बनत होती. तिचं चित्र बाईंनी काढलं. तिच्यातली तिरपी काच मी बसवत होते. माझं नाव कौसाबाई, राहणार बदनापूर.